फक्कीनं आखलेली खोली

नमस्कार. सातवीतल्या पोराला विचारा, मोठेपणी कोण होणार? डॉक्टर, इंजिनिअर, नाहीतर कलेक्टर. शाळेत शिकवत होते तोवर मी हेच ऐकत आले. शेवटी एका वर्षी प्रश्नच बदलला. घर बांधायला कोण कोण लागतं? गवंडी, सेंट्रिंगवाला, सुतार, वायरमन, प्लंबर, मुकादम... फळा भरला.

शाळेशेजारी बांधकाम चालू होतं. तिथल्या मिस्त्रींना मैदानावर बोलावलं. पोरांनी फक्कीनं ९ बाय १२ फुटांची खोली आखली. दिसायला झकास! मिस्त्री म्हणाले, "आता कर्ण मोजा की." एक भरला साडेपंधरा फूट, दुसरा साडेचौदा. मिस्त्रींनी चपलेनं फक्की पुसली. "दोन्ही १५ आले पाहिजेत. नाहीतर फरशी बसवताना रडाल." हेच पायथागोरसचं गणित मी आठवडाभर फळ्यावर घोटत होते! पुन्हा सांगते, समोरासमोरच्या भिंती सारख्या आणि दोन्ही कर्ण सारखे, तरच खोली काटकोनात.

फरशीवरून आठवलं. चांगली शहाबादी उखडून चकचकीत टाइल्स कशाला बसवतात, मला कळत नाही. आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात शहाबादीवर पाणी मारून पडायचं सुख त्यात आहे का? आणि पाय घसरतो तो वेगळाच. असो.

तर खोली पुन्हा आखली. दाराची जागा सोडली, खिडकीची खूण केली. तेवढ्यात शहराच्या पूर्वभागातली एक मुलगी आत जाऊन मांडी घालून बसली. मांडीवर वही आडवी धरली, सूप धरावं तशी. म्हणाली, "बाई, इथं माझ्या आईला विड्या वळता येणार नाहीत. खिडकी पाठीमागं आलीय. सगळी सावली सुपात पडतीय."

मिस्त्रींनी फक्कीचं घमेलं तिच्यापुढं सरकवलं. "कुठं पाहिजे, तू आख." तिनं खिडकी डाव्या हाताला घेतली. वर म्हणते, "आणि मामा, तुमच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर पाहिजे." पोरं हसली. एवढ्या खाली खिडकी? ती म्हणाली, "बसून काम करणाऱ्याला उजेड खालीच लागतो की."

मग तिनंच विचारलं, घराचा नकाशा काढायचं शिकवतात कुठं? दहावीनंतर आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिल, दोन वर्षांचा कोर्स. वहीत लिहून घेतलं तिनं.

वेळ संपत आली, म्हणून थोडक्यात. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना १० दिवस दप्तराविना गावातल्या कारागिरांकडे शिकायला पाठवा, असं म्हटलंय. शिक्षकांनो, ते दिवस सहलीत घालवू नका. मिस्त्रींना शाळेत बोलवा. पोरांना कामावर नेलंत तर पायात बूट हवेत, खिळे पडलेले असतात. सेंट्रिंगखाली, म्हणजे ओल्या स्लॅबला दिलेल्या टेकूंखाली, मात्र कुणालाच जाऊ देऊ नका, कुणालाच.

फक्की नसली तर रांगोळी चालेल. टेप मात्र लांब घ्या, कर्ण १५ फुटांचा आहे. नमस्कार.