तेल केसाला, साबण टाळूला

श्रोतेहो, नमस्कार.

आषाढात गोव्यात सकाळी न्हालेले केस दुपारपर्यंतही वाळत नाहीत. कामाला जायची घाई असते, म्हणून ओल्या केसांचाच आंबाडा बांधला जातो आणि त्यावर हेल्मेट चढतं. संध्याकाळी आंबाडा सोडला की कुबट वास येतो, फणीत पुंजका दिसतो. मग केस गळतात म्हणून रात्री डोकं तेलाने थबथबवायचं, चार दिवसांनी कोंडा दिसला की महागडी बाटली आणायची. खरं तर या सगळ्यात पैसे लागण्यासारखं फारच थोडं आहे.

डोक्याबाहेर दिसणारा केस निर्जीव असतो. जिवंत असतं ते कातडीखालचं मूळ, आणि त्याला अन्न पोचतं रक्तातून. वरून चोळलेलं तेल मुळांना पोसत नाही, मग त्यात कितीही झाडपाला उकळलेला असो. तरीही खोबरेल कामाचं आहे, ते वेगळ्या कारणाने. केस पाण्याने फुगतो, वाळला की आकसतो, आणि असं पुन्हा पुन्हा झालं की ठिसूळ होतो. खोबरेलातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं. त्यामुळे धुताना केस कमी फुगतो आणि त्यातली प्रथिनं कमी झिजतात. सुवासिक पातळ तेलांमध्ये बऱ्याचदा पॅराफिन असतं. ते वरच्यावर बसतं, चमक देतं, आत जात नाही.

म्हणून तेल न्हाण्याआधी तासभर लावावं, तेही कानाखालच्या लांबीला आणि टोकांना. खांद्यापर्यंतच्या केसांना चहाचे दोन चमचे पुरतात, कंबरेपर्यंत असतील तर तीन-चार. टाळूवर थापू नका. मॅलासेझिया नावाची बुरशी प्रत्येकाच्या टाळूवर असते, तिचं खाणंच मुळी तेलकटपणा. घाम आणि दमट हवा मिळाली की ती फोफावते आणि कोंड्याचे पापुद्रे सुटू लागतात. ‘डोकं कोरडं पडलंय’ असं समजून आपण त्यावर आणखी तेल घालतो, म्हणजे आगीत तेल!

जास्वंद घालून तेल कढवायची हौस असेल तर फुलं आणि पानं धुऊन पंच्यावर पूर्ण सुकवा. तेल मंद आचेवर ठेवा आणि कान देऊन ऐका: तडतड चालू आहे तोवर पाल्यातलं पाणी आत आहे. ती पूर्ण थांबल्यावरच उतरवा, गार करून कोरड्या बाटलीत गाळा. पाणी राहिलं तर पावसाळ्यात आठ-पंधरा दिवसांत तेलाला खवट वास येतो. हे तेल साध्या खोबरेलापेक्षा जास्त काही करत नाही, वास मात्र छान येतो.

आता न्हाण्याकडे वळू. शाम्पूची एक-दोन रुपयांची पुडी आणि चारशेची बाटली, दोन्हींत मळ काढणारा पदार्थ साधारण एकाच जातीचा असतो. पुडी थेट डोक्यावर पिळली की सगळा शाम्पू एकाच जागी बसतो आणि बाकीचं डोकं तसंच राहतं. त्यापेक्षा आधी केस मुळापर्यंत भिजवा, पुडी अर्ध्या तांब्या पाण्यात फेसाळून घ्या आणि ते पाणी टाळूवर थोडं थोडं ओता. नखं न लावता बोटांच्या पेरांनी मिनिटभर चोळा. लांबीला वेगळा शाम्पू नको. धुताना खाली उतरणारा फेस तिला पुरतो. घाम फार येत असेल तर आठवड्यातून दोन-तीनदा टाळू धुवायला काहीच हरकत नाही. धुण्याने केस गळत नाहीत. दिवसाला पन्नास ते शंभर केस तसेही सुटतात आणि न धुतलेल्या दिवसांचे साठलेले एकदम मोरीत दिसतात.

शिकेकाई वापरणाऱ्यांसाठी माप असं: दोन भाग शिकेकाई, एक भाग रिठा, एक भाग आवळकाठी. रात्रभर भिजवा, सकाळी दहा-पंधरा मिनिटं उकळा, कुस्करा आणि सुती फडक्यातून गाळा. गाळायचा कंटाळा केला की भुसा टाळूला चिकटतो, खाज सुटते आणि तो कोंडाच वाटतो. रिठा डोळ्यांत गेला तर फार झोंबतो, मुलांना जपा. हा काढा आपल्या हवेत दुसऱ्या दिवशीच आंबतो, लागेल तेवढाच करा.

विहिरीच्या किंवा बोअरिंगच्या पाण्यात साबणाला फेस येत नसेल तर ते जड आहे, म्हणजे त्यात क्षार जास्त आहेत. बादलीला तांबूस डाग पडत असतील तर त्यात लोह आहे. असे क्षार बसले की केस खरखरीत होतात. यावर उपाय आपल्या स्वयंपाकघरातच आहे: माडाच्या सुरेचं व्हिनेगर. पोह्याचा एक मोठा चमचा एक लिटर पाण्यात मिसळून शेवटी केसांवरून ओता, मिनिटभराने साध्या पाण्याने धुवा. मिश्रण याहून कडक करू नका, टाळू चुरचुरते. लिंबू थेट चोळून उन्हात जाणं तर मुळीच नको. त्वचेवर भाजल्यासारखे डाग उठतात. अंडंही डोक्याला नको. त्यातलं प्रथिन केसात शिरण्याएवढं बारीक नसतं आणि गरम पाणी पडलं की अंडं केसांतच शिजतं. डोक्यावर फोडण्यापेक्षा त्याचं रोस आमलेट खावं.

खाण्याचं म्हणाल तर तारले, बांगडे, अळसांदे, कुळीथ, तांबडी भाजी हे सगळं कुठल्याही गोळीपेक्षा स्वस्त. भाजी-कडधान्यावर लिंबू पिळलं की त्यातलं लोह अंगी लागतं; जेवणावर लगेच चहा घेतला की ते वाया जातं. डेंग्यूसारखा मोठा ताप किंवा बाळंतपण झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ जातात. तो बहुधा त्या आजाराचा उशिरा आलेला हिशेब असतो आणि सहाएक महिन्यांत आपोआप भरून निघतो. त्या काळात तेलं बदलत बसू नका.

कोंडा हटत नसेल तर औषधाच्या दुकानातला दोन टक्के कीटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे वापरा. लावल्यावर तीन ते पाच मिनिटं थांबा. लगेच धुऊन टाकला तर पुरता गुण येत नाही. नाण्याएवढी गोल चाई पडली, टाळूवर पू किंवा खपल्या दिसल्या, तर घरगुती उपाय बंद करून बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या, त्वचारोग विभागात दाखवा.

काळ्या मेंदीच्या पाकिटाबद्दलही सांगायला हवं. निव्वळ मेंदी तांबूसच रंगते. काही मिनिटांत काळी होते तिच्यात बहुधा पीपीडी हे रसायन असतं, ते काहींच्या कातडीला सोसत नाही. कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून ४८ तास वाट पाहा, खाज किंवा सूज आली तर डोक्याला लावू नका. आणि अबोलीचे वळेसर माळताना केस कपाळावरून ओढून घट्ट बांधू नका. वर्षानुवर्षं ताण पडला की कपाळाच्या कडेचे केस कायमचे मागे सरतात.

राहिला आंबाड्याचा प्रश्न. न्हाल्यावर जुन्या सुती पंच्याने केस टिपा, झटकू नका. ओला केस ताणला की लवकर तुटतो, म्हणून रुंद दातांच्या फणीने आधी टोकांचा गुंता काढा आणि हळूहळू वर सरका. पंख्याखाली मुळं कोरडी करूनच बाहेर पडा. सकाळी तेवढा वेळ नसेल तर पावसाळ्यात संध्याकाळी लवकर न्हा. हेल्मेटच्या आत पातळ सुती रुमाल बांधा आणि तो रोज धुवा. अस्तर सुटं होत असेल तर तेही पंधरा दिवसांनी साबणाच्या पाण्यातून काढा. कंगवाही त्याच पाण्यात टाका, दातांमधला काळा मळ जुन्या टूथब्रशने निघतो.