पिल्लांच्या आधी त्यांचं जेवण

श्रोतेहो, नमस्कार.

फायटर माशाची मादी अंडी सोडते, नर ती तोंडाने टिपून फेसाच्या घरट्यात चिकटवतो, आणि दीड-दोन दिवसांत त्या फेसाखाली शेकडो बारीक शेपट्या लोंबकळायला लागतात. माझ्याकडे हे पहिल्यांदा घडलं तेव्हा घरातल्या सगळ्यांना मी हाताला धरून टाकीपाशी आणलं होतं. सातव्या-आठव्या दिवशी कुणालाच बोलावलं नाही. टाकीत दाखवण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

उपाशी ठेवलं होतं म्हणावं, तर तसंही नाही. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून दिवसातून चार-चार वेळा घालत होते. पिल्लं त्या पिवळ्या ढगातून आरपार जायची आणि एकही तोंड उघडायचं नाही. पिल्लाच्या लेखी जे हलतं तेच खाणं, बाकी सगळा कचरा. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यात न खाल्लेला बलक तळाला कुजला, पाणी बिघडलं, आणि भुकेतून जी वाचली ती त्या पाण्याने गेली.

अंड्यातून बाहेर आल्यावर पहिले दोन-तीन दिवस पिल्लाच्या पोटाशी शिदोरी बांधलेली असते. ती संपली की लोंबकळणारं पिल्लू आडवं होऊन पोहायला लागतं. त्या घडीपासून त्याला जिवंत, हलणारं आणि तोंडात मावेल इतकं बारीक काहीतरी हवं. असं काहीतरी घरी तयार व्हायला चार दिवस ते आठवडा लागतो. म्हणजे अंडी दिसल्यावर धावपळ करणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. नर-मादी एकत्र सोडण्याआधी आठवडाभर बरणी मांडलेली असली पाहिजे. गप्पीवाल्यांचं बरं असतं. त्यांची पिल्लं जन्मतःच मोठ्या तोंडाची, पहिल्या दिवसापासून चुरा खाणारी.

बरणीत काय असतं? इन्फ्यूसोरिया. काचेची बरणी घ्या, टाकीतलंच जुनं पाणी भरा, त्यात लेट्यूसचं एक वाळलेलं पान किंवा केळ्याच्या सालीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा टाका, तोंडाला फडकं बांधा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी दुधासारखं गढूळ होतं आणि वास सुटतो. इथेच बरेच जण नाक दाबून बरणी ओततात. ओतू नका. तो गढूळपणा जिवाणूंचा असतो, आणि त्या जिवाणूंवर जगणारे पॅरामिशियमसारखे जीव आता कुठे वाढायला लागलेले असतात. आणखी दोन-तीन दिवसांत पाणी निवळतं, वासही कमी होतो. मग अंधारात बरणीला बाजूने टॉर्च लावून बघा. आत पांढरी धूळ दिसेल, पण ही धूळ खाली बसत नाही. एकेक कण आपल्या मर्जीने वळतो, थांबतो, परत फिरतो. पाव मिलिमीटरच्या आसपासचे हे जीव. डोळे शाबूत असतील तर भिंगही लागत नाही.

भिंगाचा विषय निघालाच आहे तर सांगते. डेल्फ्टमधल्या लेव्हेनहूक नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याला मिरी तिखट का लागते याचा छडा लावायचा होता. त्याने ती पाण्यात भिजत घातली. काही आठवड्यांनी ते पाणी भिंगाखाली धरलं तर त्यात असंख्य जीव वळवळत होते. १६७६ साली त्याने हे लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवलं. तिखटपणाचं कोडं तसंच राहिलं. पण भिजवणीच्या पाण्यात सापडणाऱ्या अशा जिवांना पुढे इन्फ्यूसोरिया हेच नाव पडलं. आपण त्याचाच प्रयोग वेगळ्या हेतूने करतो, इतकंच.

एक सावधगिरी. विरजण म्हणून तळ्याचं पाणी आणू नका. त्यातून हायड्रा नावाचा बारीक शिकारी जीव आला तर आपण पिल्लांना खायला घालायचं आणि त्याने पिल्लांना खायचं, असा प्रकार होतो.

इन्फ्यूसोरियाचा भरवसा मात्र कमी. आज बरणी भरलेली, परवा मेलेली. म्हणून मी जिच्यावर विसंबते ती वस्तू वेगळी आहे आणि तिचं कौतुक व्हावं तेवढं होत नाही. व्हिनेगर ईल. नाव ईलचं, पण मासा नव्हे. व्हिनेगरमध्ये राहणारा हा सूत्रकृमी, दीड-दोन मिलिमीटर लांब आणि केसाहून बारीक. अर्धं सफरचंदाचं व्हिनेगर, अर्धं पाणी, सफरचंदाची एक फोड आणि दुसऱ्या कुणा हौशी माणसाकडून आणलेलं थोडं कल्चर, म्हणजे हे किडे असलेलं व्हिनेगर. महिनाभरात बाटली गजबजते. पुढे कित्येक महिने तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही तरी ती रुसत नाही.

आता प्रश्न असा, की व्हिनेगर टाकीत न जाता किडे टाकीत कसे न्यायचे? लांब मानेची बाटली घ्यायची. मानेच्या बुडापर्यंत कल्चर भरायचं. वरून फिल्टरच्या कापसाचा बोळा असा सारायचा की तो खालच्या व्हिनेगरला टेकेल. बोळ्याच्या वर हलक्या हाताने साधं पाणी ओतायचं. खाली प्राणवायू कमी पडतो, म्हणून किडे बोळ्यातून वाट काढत वर येतात. सकाळी मानेतलं पाणी उजेडाकडे धरलं तर ते चमचम करत असतं. तेवढंच ड्रॉपरने ओढून टाकीत सोडायचं. हे किडे पाण्याच्या वरच्या आणि मधल्या थरात वळवळत राहतात, नेमके पिल्लांच्या तोंडासमोर, आणि गोड्या पाण्यात काही दिवस जिवंत राहतात. रात्री कामावरून उशिरा येणाऱ्यांना याचं मोल कळेल.

ओट्सच्या लापशीत यीस्टची चिमूट टाकून वाढवतात ते मायक्रोवर्म नावाचे किडे आणखी सोपे. डबीच्या भिंतीवर चढून बसतात, बोटाने पुसून घेतले की झालं. पण ते लगेच तळाला जातात. तळाशी चरणाऱ्या पिल्लांना ते उत्तम, फायटरच्या पिल्लांसाठी माझ्या मते दुय्यम.

आणि मग आर्टेमिया, म्हणजे ब्राइन श्रिम्प. खाऱ्या सरोवरांत होणारा हा जीव. अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकमधून त्याची अंडी मोठ्या प्रमाणावर गोळा होतात. तपकिरी भुकटीसारखी ही अंडी कोरडी ठेवली तर वर्षानुवर्षं टिकतात आणि खाऱ्या पाण्यात पडली की दिवसभरात फुटतात. प्लास्टिकच्या बाटलीचं बूड कापून ती बुचाकडून खाली उलटी टांगा. एक लिटर पाणी, २५ ते ३० ग्रॅम मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा आणि अर्धा छोटा चमचा अंडी. हवेची नळी अगदी तळापर्यंत सोडा, अंडी सतत घुसळली गेली पाहिजेत. पाणी २६ ते २८ अंशांवर, वर दिवा. चोवीस तासांनी, थंडी असेल तर छत्तीस तासांनी, पाणी नारिंगी दिसतं.

हवा बंद करा, दहा मिनिटं थांबा. रिकामी टरफलं वर तरंगतात. आर्टेमियाची पिल्लं उजेडाकडे धावतात, म्हणून टॉर्च खालच्या बाजूला लावा. सगळ्यात तळाला न फुटलेली अंडी असतात. तो पहिला थेंबभर गाळ टाकून द्या आणि त्यामागचा नारिंगी पट्टा बारीक कापडात गाळून साध्या पाण्याने धुवा. टरफलं टाकीत जाऊ देऊ नका, माशांच्या पिल्लांच्या पोटात अडकू शकतात.

घाई इथे हवी. आर्टेमियाच्या पिल्लाकडेही स्वतःची शिदोरी असते आणि तीच आपल्या माशांचं खरं जेवण. जसजसे तास जातात तसतसं ते ती स्वतःच संपवतं. सकाळी फुटलेलं रात्री घातलं तर बरंचसं पोकळ खाणं घातल्यासारखं होतं. गोड्या पाण्यात ते काही तासच जगतं, तेव्हा एकदम ओतू नका. थोडं थोडं, तीन-चार वेळा.

पहिल्यांदा घातल्यावर अर्ध्या तासाने टॉर्च घेऊन बसा. पिल्लांचं अंग काचेसारखं असतं, आतलं सगळं दिसतं. ज्याने खाल्लं त्याच्या पोटात नारिंगी ठिपका दिसतो. ज्यांच्यात तो दिसत नाही त्यांचं तोंड अजून लहान आहे. त्यांच्यासाठी व्हिनेगर ईलची बाटली आणखी तीन-चार दिवस चालू ठेवा, आणि उद्याच्या आर्टेमियाची अंडी आज रात्री भिजत घाला.