फौज माघारी येते तेव्हा

खान्देशातील श्रोतेहो, नमस्कार. ज्या युद्धावरून देशातील लोकांचे मन उडाले आहे, अशा परमुलखातील युद्धातून आपले सैन्य परत कसे आणावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

सैन्य पाठवण्याचा निर्णय थोड्या दिवसांत होतो, परत आणण्याच्या निर्णयाला मात्र वर्षे लागतात. सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात लढत होते, तेव्हा १३ नोव्हेंबर १९८६ रोजी मॉस्कोत सोव्हिएत नेत्यांची बैठक झाली. अफगाणिस्तानातील जमिनीचा असा तुकडा उरला नाही जिथे आपल्या शिपायाचे पाऊल पडले नाही, तरीही बहुतेक मुलूख बंडखोरांच्याच हाती आहे, असे त्या बैठकीत खुद्द लष्करप्रमुख मार्शल अख्रोमेयेव यांनी सांगितले. सर्वांना हे पटले होते आणि तरीही शेवटची तुकडी अमू दर्या ही सीमेवरची नदी ओलांडून मायदेशी आली ती १५ फेब्रुवारी १९८९ रोजी. थांबावे तर आणखी जवान जातात. निघावे तर ज्यांनी आपल्या भरवशावर शत्रुत्व पत्करले, ती माणसे उघडी पडतात. कोंडी आहे ती एवढीच, पण ती सुटत नाही.

आपल्या देशानेही ही कोंडी भोगली आहे. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत भारत-श्रीलंका करार झाला आणि त्यानुसार आपली शांतिसेना तिकडे गेली. तमिळ वाघांनी, म्हणजे तिथे वेगळ्या तमिळ राज्यासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेने, शस्त्रे खाली ठेवावीत अशी अपेक्षा होती, परंतु ऑक्टोबरमध्ये त्यांच्याशीच लढाई जुंपली. महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी तिथे धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. सुमारे १२०० जवान आपण गमावले. १९८९ साली तर श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांनीच आपल्या सैन्याला निघून जाण्यास सांगितले. ज्यांच्यासाठी गेलो ते नको म्हणत होते आणि ज्यांनी बोलावले तेही नको म्हणत होते.

गिरणाकाठच्या एका गावातील निवृत्त हवालदार या सेनेत होते. सारे गाव त्यांना आबा म्हणते. त्यांनी मला सांगितलेली हकीकत मी संधी मिळेल तिथे सांगत आलो आहे आणि आजही सांगणार आहे. श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरील त्रिंकोमाली भागातील त्यांच्या ठाण्यावर सतरा-अठरा वर्षांचा एक तमिळ मुलगा दुभाष्याचे काम करीत असे. जवानांबरोबर राहून त्याने हिंदी उचलली होती. वस्तीत तपासणीसाठी जाताना तो पुढे चाले, म्हाताऱ्याकोताऱ्यांना धीर देई आणि कोणत्या वाटेने जाऊ नये हेही सांगे. उन्हाळ्यात आबा रजेवरून परतले, तेव्हा घरून त्यांनी ज्वारीचे बिबडे नेले होते. ते निखाऱ्यावर भाजून ठाण्यातल्या सगळ्यांनी खाल्ले. आमच्याकडे उडदाचे करतात, पण माझ्या आईला हेही आवडतील, असे म्हणून त्या मुलाने चार बिबडे कागदात गुंडाळून घरी नेले.

पुढे ठाणे उठवण्याचा हुकूम आला. सामान बांधायला सुरुवात झाली आणि दुसऱ्याच दिवशी त्या मुलाची आई फाटकाशी येऊन उभी राहिली. तिला तमिळखेरीज काही येत नव्हते, त्यामुळे तिचे म्हणणे आबांना सांगण्याचे काम मुलावरच आले. तुम्ही गेल्यावर ते लोक परत येतील, त्यांना माझ्या मुलाचे नाव ठाऊक आहे, मग त्याला कोणाच्या हवाली करून जाता, असे ती विचारीत होती. मुलगा अर्धे वाक्य बोलून थांबला. पुढचे आबांना न सांगता कळले.

आबा आपल्या अधिकाऱ्याकडे गेले आणि या मुलाला जहाजावर घेता येईल का, असे त्यांनी विचारले. अधिकारी माणूस वाईट नव्हता, परंतु त्याच्यापुढे यादी होती. तिच्यात तंबू होते, जनरेटर होते, जीपगाड्या आणि पाण्याच्या टाक्या होत्या, पण दुभाष्यासाठी रकाना नव्हता. आबांनी एका पोस्टकार्डावर आपला पत्ता लिहिला, गाव, तालुका, जिल्हा जळगाव, आणि ते कार्ड त्याच्या हाती दिले. ते पोस्टकार्ड कधी आले नाही.

२४ मार्च १९९० रोजी शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. मद्रासला परतलेल्या सैन्याच्या स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. आबा गावी आले, तेव्हा पारावर बसलेल्यांनी विचारले, “आबा, जिकीसन उनात का?”, म्हणजे जिंकून आलात का? आबांनी उत्तर दिले नाही. जून महिन्यात वाघांनी पूर्व प्रांतात शरण आलेल्या शेकडो पोलिसांना ठार मारल्याची बातमी आली. ती आबांनी रेडिओवर ऐकली आणि त्यानंतर कित्येक दिवस ते बातम्यांच्या वेळी घरात थांबत नसत.

महाराष्ट्रातील कित्येक गावांत इंग्रजांनी लावलेली संगमरवरी पाटी आहे, १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून किती माणसे गेली आणि किती कामी आली हे सांगणारी. परक्या राज्यकर्त्याने हे केले, मग श्रीलंकेत गेलेल्यांची पाटी आपल्या ग्रामपंचायती का लावीत नाहीत, हा माझा जुना आग्रह आहे. आपल्या जवानांचे स्मारक श्रीलंकेने कोलंबोलगत उभारले आहे.

शांतिसेना परत आली हे योग्यच झाले, असे मी स्पष्टपणे म्हणतो. यजमान सरकारलाच नको असताना तिथे राहणे म्हणजे मुलूख बळकावणे ठरले असते. प्रश्न परत येण्याचा नव्हे, मागे राहणाऱ्यांचा आहे. पुन्हा सांगतो, प्रश्न मागे राहणाऱ्यांचा आहे. इथे एक खरी अडचण आहे. आपल्या मदतनीसांना आधीच हलवायला घ्यावे, तर तिथले सरकार कोसळणार असे आपणच जाहीर केल्यासारखे होते आणि ते लवकर कोसळते. १९७५ च्या एप्रिलमध्ये दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडण्याच्या बेतात असताना तिथले अमेरिकी राजदूत ग्रॅहॅम मार्टिन याच भीतीने थांबून राहिले आणि हजारो माणसे मागे राहिली. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलच्या विमानतळावर हेच पुन्हा घडले. मला ही भीती खरी वाटते, पण ती कारण म्हणून पुरेशी वाटत नाही. दुभाषी, वाटाडे, आचारी यांची नोंद ते कामाला लागतात त्या दिवसापासून ठेवता येते. तिला गाजावाजा लागत नाही. संसदेपुढे सैन्य पाठवण्याचा विषय येईल, तेव्हाच ही नोंद कोण ठेवणार आणि त्या माणसांना आसरा कोण देणार, हे लेखी मागितले पाहिजे.

फ्रान्सने १९६२ साली अल्जीरिया सोडला, तेव्हा फ्रेंच सैन्याबरोबर लढलेल्या हजारो स्थानिक शिपायांना, ज्यांना हारकी म्हणतात, तिथेच सोडून दिले आणि सूडाच्या कत्तलीत त्यांतील पुष्कळजण मारले गेले. जे कसेबसे फ्रान्सला पोहोचले, त्यांना छावण्यांत ठेवले गेले. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांची माफी मागितली ती २० सप्टेंबर २०२१ रोजी आणि त्यांच्या कुटुंबांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला २०२२ साली. नमस्कार.