हक्काचे पैसे, ठरल्या तारखेला

श्रोते हो, नमस्कार.

आज गृह आधार योजनेविषयी बोलायचे आहे. अर्ज कसा भरायचा ते पंचायतीत कोणीही सांगेल; मला बोलायचे आहे ते बाईच्या मनाविषयी. 2012 साली ही योजना गोव्यात आली ती महागाईत गृहिणीला हातभार म्हणून. आज वार्षिक उत्पन्न 3 लाखांच्या आत असलेल्या घरातल्या विवाहितेच्या खात्यात महिन्याला 1500 रुपये जमा होतात. तिच्या खात्यात, नवऱ्याच्या नव्हे.

एवढ्याशा पैशांत होते काय, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. सत्तरी तालुक्यातल्या एका ओळखीच्या काकींनी त्यातून आधी डोळे तपासून घेतले आणि चष्मा केला. तोवर सुईत दोरा ओवायलाही शेजारच्या मुलीला हाक मारायच्या. घरात पैसे नव्हते असे नाही, पण स्वतःसाठी मागायला त्यांची जीभ रेटत नव्हती. मुलांच्या वह्यांसाठी हक्काने मागणारी बाई स्वतःच्या चष्म्यासाठी गप्प बसते, हे आपल्या घराघरांतले आहे. न मागता हातात आलेल्या पैशाने काकींचे ते अवघडलेपण गेले.

आणि म्हणूनच हप्ता थकला की नुसते रेशन अडत नाही. पासबुक भरून घ्यायला रांगेत उभे राहायचे, नवी नोंद नाही हे पाहून परतायचे, पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचे. असे दोन-तीन महिने गेले की बाईला वाटू लागते, आपण कुणाच्या तरी दारात हात पसरून उभ्या आहोत. शाळांसाठी माध्यान्ह आहाराची भाजी रांधणाऱ्या बचतगटांचे तर घामाचे पैसे असतात. बिल अडकले तर किराणा उधारीवर, आणि दुकानदाराचे बोलणे त्यांनीच ऐकायचे. रक्कम वाढवायची तेव्हा वाढवा. आधी तारीख पाळा, असे मी कळकळीने म्हणेन.

सभेत कुणी ‘आम्ही तुम्हाला दिले’ म्हणाले, तर मान खाली घालू नका. हा सरकारी तिजोरीतला, म्हणजे जनतेचा पैसा आहे. घरच्या पुरुषांना एकच विनंती, एटीएम कार्ड तिच्याकडेच राहू द्या. आणि बायांनो, हप्ता अडकला तर एकटीने खेटे घालू नका. वाड्यावरच्या चौघी मिळून जा, लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.