नखात रोग नाही?

नमस्कार, श्रोतेहो. सकाळी नऊच्या लोकलमधून दादरला उतरेपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला असतो आणि आपण वैतागून म्हणतो, मुंबईत घाम फार येतो बुवा. घाम पुणेकरालाही येतो. त्याचा वाळतो, आपला वाळत नाही, एवढाच फरक. एक ग्रॅम घाम अंगावरून उडून जाताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. ही डाएटवाल्यांची कॅलरी नव्हे बरं का, शाळेच्या विज्ञानातली छोटी कॅलरी. म्हणजे गारवा मिळतो तो घाम उडण्यामुळे, नुसतं ओलं होण्यामुळे नाही. ऑक्टोबरमध्ये इथली हवा बाष्पाने जड झालेली असते, तिला आणखी पाणी नको असतं. मग घाम ओघळतो, रुमालात टिपला जातो आणि गारवा न देताच वाया जातो. शरीर तरी काय करणार? आणखी घाम सोडतं.

हे काम करणाऱ्या घर्मग्रंथी आपल्या अंगावर २० ते ४० लाख असतात. प्रत्येक ग्रंथी म्हणजे एक बारीक नळी, तळाशी वेटोळं घातलेली आणि वर छिद्रातून उघडणारी. ते तोंड बुजलं की घाम आतल्या आत झिरपतो आणि घामोळं उठतं. त्यावर आपण पावडर थापतो. ओल्या अंगावर पावडरचा थर म्हणजे निव्वळ चिखल! गार पाण्याने अंघोळ, अंग नीट कोरडं करणं आणि सैल सुती कपडे, एवढं पुष्कळ झालं. काखेतल्या ग्रंथी मात्र वेगळ्या, वयात येताना कामाला लागणाऱ्या. त्यांच्या घामाला मुळात वास नसतो. त्वचेवरचे जिवाणू त्यावर ताव मारतात, तेव्हा तो येतो.

घामाचा हिशेब असा जागच्या जागी होतो. त्वचेचा वरचा थर त्यापेक्षा सावकाश बोलतो. या थराच्या तळाशी नव्या पेशी जन्मतात, वर सरकता सरकता चपट्या होतात, मरतात आणि महिन्याभराने कोंड्यासारख्या झडून जातात. आपण आरशात कौतुकाने पाहतो तो चेहरा वरून मेलेलाच असतो, हे मी पेशंटना सहसा सांगत नाही. पण या मेलेल्या पेशींची भिंत, मधल्या स्निग्ध पदार्थाने लिंपलेली, पाणी आत-बाहेर जाऊ देत नाही. ती सतत भिजत ठेवली की हरते. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून घरी आलेल्यांच्या पायाच्या बोटांमध्ये चिखल्या होतात त्या अशाच. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या एका कोळीण मावशींचे हात दिवसभर बर्फात आणि मासळीच्या पाण्यात. नखाच्या मुळाशी जी पातळ पापुद्र्याची किनार असते ना, ती त्यांच्या एकाही बोटाला उरली नव्हती. पार्लरमध्ये पैसे देऊन आपण जी कापून घेतो, तीच ही किनार. नख आणि कातडी यांच्यामधली फट ती बंद ठेवते. ती गेली की पाणी आत, पाठोपाठ बुरशी, मग नखुरडं. मावशी म्हणाल्या, “डॉक्टर, हात कोरडे ठेवायचे तर मावरं कोण विकेल?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आतून सुती आणि वरून रबरी हातमोज्यांवर आमची तडजोड झाली.

केस तर त्याहून उशिरा बोलतात. डोक्यावर साधारण एक लाख केस. प्रत्येकाची वाढ काही वर्षं चालते, मग जवळपास तीन महिने विश्रांती आणि मग तो गळतो. त्यामुळे रोज पन्नास-शंभर केस जाणं अगदी स्वाभाविक आहे. पण जोराचा ताप आला, मोठं ऑपरेशन झालं किंवा बाळंतपण झालं, की वाढीतले पुष्कळ केस एकदमच विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळायला लागतात. तोवर माणूस तो ताप विसरलेला असतो. मग दोष कोणाला? बोअरिंगच्या पाण्याला, नव्या शॅम्पूला, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकाला.

गेल्या ऑक्टोबरअखेर एक ताई आल्या. टेबलावर त्यांनी प्लॅस्टिकची पिशवी ठेवली, आत आठवड्याभराचे केस, वारानुसार रबर लावून वेगळे केलेले. “आता टक्कलच पडणार,” म्हणाल्या. मी विचारलं, मध्ये काही आजारपण? “छे हो, नखात रोग नाही!” मग मी नखच पाहायला मागितलं. मराठीतली ही म्हण मला आवडते, पण रोग जितका स्पष्ट नखात दिसतो तितका फार कमी ठिकाणी दिसत असेल. रक्तात लोह कमी असेल तर नख चमच्यासारखं खोलगट होतं. आणि तापाने शरीर खचलं की नखाची वाढ काही दिवस अडखळते, तिथे आडवी खाच उमटते.

ताईंच्या दोन्ही अंगठ्यांवर खाच होती, मुळापासून सहा-सात मिलिमीटरवर. बोटाचं नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढतं. कातडीखाली लपलेला थोडा भाग धरून मी हिशेब मांडला आणि म्हटलं, जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला काय झालं होतं? त्या बोटं मोजू लागल्या आणि थबकल्या. “अगंबाई, नागपंचमीला मी डेंग्यूने झोपून होते!”

केस परत येतील, असं मी सांगितलं. रक्ततपासणी लिहून दिली आणि पिशवी घरी न्यायला लावली. ती खाच पुढे सरकत सरकत संक्रांतीच्या सुमारास नखाच्या टोकाशी आली असेल आणि नेलकटरखाली गेली असेल. नमस्कार.