अक्काच्या यंत्रात फाईल उघडत नाही

(दृश्य: यंत्राची पट्टी अगदी जवळून. बोट डावीकडून उजवीकडं सरकतंय.)

हे अंध असलेल्या अक्काचं ब्रेल नोटटेकर, म्हणजे बोटांनी वाचायचं आणि त्यातच लिहायचं यंत्र. हा जो बारीक टकटक आवाज येतोय ना, तो पिनांचा आहे, आम्ही तो मुद्दाम मोठा ठेवलाय. एका घरात आठ ठिपके, अशी वीस घरं एका ओळीत, अक्षर बदललं की खालच्या पिना वर येतात नाहीतर बसतात आणि बोटाला ते अक्षर लागतं. ओळ संपली की बटण दाबायचं, पुढची वीस घरं. पडदा वगैरे काही नाही. वरच्या अंगाला ब्रेलच्या कळा आहेत, त्यावर लिहायचंसुद्धा. बॅटरीवर चालतं, पर्समध्ये मावतं, मेमरी कार्ड बसतं.

(दृश्य: पूर्व भागातली गल्ली, मग घर. आई विड्या वळतीये.)

हे सोलापूरचा पूर्व भाग. आईच्या मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू, बोलता बोलता हात चालूच. वडील चादरीच्या कारखान्यात. धाकटा भाऊ दहावीला. आणि यंत्र जिचं आहे तिला घरात सगळे अक्का म्हणतात, तिनं नाव घेऊ नका म्हणून सांगितलं म्हणून आपणही अक्काच म्हणू. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय राज्यशास्त्र. घरात तेलुगू, शाळा मराठी, आणि पुस्तकं आता निम्मी इंग्रजी.

तीन भाषा, तीन लिप्या, पण बोटाखाली मात्र एकच गोष्ट. 1951 साली भारती ब्रेल, म्हणजे भारतीय भाषांसाठीची समान ब्रेल लिपी ठरली तेव्हा तत्त्व असं ठेवलं की उच्चार सारखा तर ठिपके सारखे. मराठीतला क, तेलुगूतला क आणि इंग्रजीतला के, तिन्हींना ठिपके एक आणि तीन. सोलापूर हा शब्द भारती ब्रेलमध्ये सात घरांत बसतो, स, ओ, ल, आ, प, ऊ, र, सरळ एकामागून एक, वेलांटी आधी की नंतर हा प्रश्नच नाही. अक्का हे सांगताना किती भरभर बोलते ते तुम्हीच ऐका.

(अक्काचा आवाज: "मला लिपी तीन शिकाव्या नाही लागल्या, एकच शिकले. मग मशीनला का अडतंय?")

का अडतंय, तेच दाखवायला ही फिल्म केलीये.

(दृश्य: मोबाईल. कॉलेजच्या ग्रुपवर नोट्सची पीडीएफ.)

ही फाईल सकाळी आली, राज्यशास्त्राच्या नोट्स. कुणीतरी झेरॉक्सच्या कागदांचे मोबाईलवर फोटो काढले आणि त्याची पीडीएफ करून टाकली. डोळस मुलांनी डाऊनलोड केली, विषय संपला. अक्कासाठी ही फाईल म्हणजे चित्रं आहेत, अक्षर एकही नाही. यंत्रात टाकली तर यंत्र सांगतं फाईल रिकामी किंवा फाईल उघडतच नाही, कारण स्वस्तातल्या या वीस घरांच्या यंत्रांना मुळात साधी टेक्स्ट फाईल आणि बीआरएफ म्हणजे ब्रेलची तयार फाईल एवढंच कळतं. पीडीएफ कळत नाही. वर्डची डीओसीएक्स फाईलही कळत नाही, ती 2007 पासून जगभर चालतीये तरी.

मग भाऊ लॅपटॉप उघडतो. इथून पुढं नीट बघा.

(दृश्य: लॅपटॉप. भाऊ, मागे अक्का, दोघं मिळून.)

आधी चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्राम चालवायचा. टेसरॅक्ट म्हणून फुकटातलं एक आहे, त्याला मराठी येतं, पण झेरॉक्स पुसट असली तर जोडाक्षरं चुकतात, रफार पुढच्या-मागच्या अक्षरावर जातो. म्हणून भाऊ कागद बघून मोठ्यानं वाचतो, अक्का लॅपटॉपवर एनव्हीडीए लावून ऐकते, जिथं फरक पडला तिथं थांबव म्हणते. एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम, दोघा अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी 2006 ला सुरू केलेला, आणि खरं सांगायचं तर या घरात अभ्यास चाललाय तो त्याच्या जिवावर. पानभर दुरुस्ती झाली की फाईल टेक्स्ट म्हणून सेव्ह करायची, एन्कोडिंग म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत यूटीएफ-8 निवडायची, विसरलं तर सगळी प्रश्नचिन्हं येतात. फाईलचं नाव इंग्रजीत द्यायचं, कारण मराठी नाव हे यंत्र वाचत नाही. मग मेमरी कार्ड काढायचं, लॅपटॉपला लावायचं, फाईल टाकायची, कार्ड परत यंत्रात, यंत्र चालू, मेनू, मराठीचं टेबल लावलंय का बघायचं.

टेबल म्हणजे ठिपक्यांचा कोश. कुठल्या अक्षराला कुठले ठिपके हे त्यात लिहिलेलं असतं. लिब्लुई नावाचा मुक्त प्रकल्प आहे, त्यात मराठीचं टेबल आहे, तेलुगू आहे, कन्नड आहे, कुणीही घेऊन वापरावं असं. एनव्हीडीएत तेच आहे. पण प्रत्येक यंत्र बनवणारा ते घालतोच असं नाही, आणि घातलं तरी जुन्या यंत्रात जुनंच राहतं. टेबलात अक्षर सापडलं नाही की काय होतं ते आम्ही शूट केलंय. हा बघा साधा स. यंत्रानं त्याचा युनिकोड नंबर, म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेला नंबर, काढून दाखवला, शून्य नऊ तीन आठ, पुढं-मागं खुणा, म्हणजे एका स साठी सात-आठ घरं गेली. वीस घरांच्या ओळीत अडीच अक्षरं!

आता दुसरी फाईल, ही जास्त वाईट.

(दृश्य: स्क्रीनवर कृतिदेवमधलं मराठी पत्रक, मग फॉन्ट बदलल्यावर तेच.)

टायपिंग सेंटरवरून आलेलं पत्रक. स्क्रीनवर बघा, मस्त मराठी दिसतंय. पण ते मराठी नाहीये. कृतिदेव, शिवाजी असले जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांनाच मराठी अक्षराचं रूप देतात, आत फाईलमध्ये इंग्रजीच असतं. फॉन्ट काढला की "सोलापूर" च्या जागी उरतं एल, के, एस, वाय, के, आय, डब्ल्यू, जे. यंत्राला फॉन्ट दिसत नाही, त्याला आतलं तेवढंच मिळतं, त्या इंग्रजी अक्षरांचेच ठिपके उठतात. ते ठिपके मराठी म्हणून अक्काच्या बोटाला कसे लागले ते तिनं कॅमेऱ्यासमोर जसंच्या तसं वाचून दाखवलंय: लकसयकिठज.

(थांबा. अक्का परत वाचते.)

ह्याला यंत्र काय करणार. तुम्ही म्हणाल कन्व्हर्टर असतात, असतात, भाऊ तेच वापरतो, पण आधी कुठला फॉन्ट आहे ते ओळखावं लागतं आणि ते बघूनच ओळखायचं असतं. म्हणजे अक्काला परत कुणीतरी डोळस माणूस लागला.

आणि युनिकोडमध्ये टाईप केलेलं मराठीसुद्धा पीडीएफ केलं की मोडतं, हे अनेकांना माहीतच नसतं. पीडीएफचं काम कागद दिसायला हुबेहूब ठेवणं, त्यामुळं अक्षराचं चित्र कुठं बसवायचं ते ती नीट सांभाळते, शब्द सांभाळेलच असं नाही. कॉपी करून बघा, पहिली वेलांटी हमखास गळते, "परिपत्रक" चं "प रपत्रक" होतं. "दुसऱ्या" सारख्या शब्दातला "ऱ्य" टाईप करताना काही कीबोर्ड अक्षरांच्या मध्ये एक न दिसणारी जोडखूण घालतात, ती टेबलात नसेल तर ब्रेलमध्ये तिथंही नंबर उमटतो.

(दृश्य: चादरीचा कारखाना. जॅकार्ड माग, वर फिरणारे भोकांचे पुठ्ठे.)

हे अक्काच्या वडिलांच्या कारखान्यातलं. आवाजामुळं इथं मुलाखत झाली नाही, पण पुठ्ठे मिळाले. भोक आहे तिथं सुई आत जाते, नाही तिथं अडते, आणि त्यावरून चादरीवर नक्षी उतरते. एका मागासाठी पाडलेले पुठ्ठे हुकांचा हिशोब वेगळा असलेल्या मागाला लावले तर नक्षी येत नाही. नोटटेकरचं नेमकं हेच झालंय, प्रत्येकानं आपापले पुठ्ठे केले.

1987 ला अमेरिकेत डीन ब्लेझी यांनी ब्रेल एन स्पीक आणलं, त्याला ठिपक्यांची पट्टी नव्हती, ब्रेलच्या कळांवर लिहायचं आणि यंत्र बोलायचं. 2000 साली न्यूझीलंडच्या पल्स डेटा कंपनीचं ब्रेलनोट आलं, आत विंडोज सीई, म्हणजे छोट्या यंत्रांसाठीची विंडोज. अंध माणसाला सहज वापरता यावं म्हणून लिहिण्याचा प्रोग्राम वेगळा बनवला, हेतू चांगलाच होता, पण त्याबरोबर फाईलही वेगळी झाली. वर्डची फाईल आत घेताना एकदा रूपांतर, बाहेर काढताना परत रूपांतर, आणि दरवेळी काहीतरी गळणार, तक्ता जाणार, तळटीप जाणार, मथळा कुठला आणि मजकूर कुठला ते जाणार. आता महागडी यंत्रं अँड्रॉईडवर चालतात, डीओसीएक्स उघडतात, पण त्यांची किंमत लाखांत, या घरात त्याचा विषयच नाही. आणि बीआरएफ म्हणाल तर त्यात चौसष्ट चिन्हांपलीकडं काही मावतच नाही, ओळी आधीच कापलेल्या, बहुतेक चाळीस घरांच्या हिशोबानं, अक्काच्या वीस घरांवर त्या मध्येच तुटतात. सगळ्यांना वाचता येतील अशा पुस्तकांसाठी काम करणाऱ्या डेझी कन्सॉर्शियम या आंतरराष्ट्रीय संस्थेनं ई-ब्रेल नावाचं नवं रूप हाती घेतलंय, त्यात मथळे, दुवे राहतात आणि ओळ यंत्राच्या लांबीप्रमाणं आपोआप बसते.

(दृश्य: वेळापत्रकाचा कागद, शेजारी यंत्राची पट्टी.)

तक्त्याचं काय होतं ते या वेळापत्रकात दिसेल. कागदावर तारीख, वेळ, विषय अशा तीन उभ्या रांगा. यंत्रात आधी सगळ्या तारखा आल्या, मग सगळ्या वेळा, मग सगळे विषय. कुठल्या दिवशी काय, ते मनात जुळवत बसायचं. एका चाचणीला ती दुसऱ्या दिवशी पोचली, मार्क गेले.

आता उलट बाजू, लिहिलेलं बाहेर देणं. अक्का ब्रेलमध्ये झपाट्यानं लिहिते, कळांवरचे हात बघा, तिला लिहिताना बघणं हीच एक बघण्यासारखी गोष्ट आहे. पण सरांना ब्रेल येत नाही, त्यांना मराठी पाहिजे. यंत्र ठिपक्यांवरून मराठी बनवतं तेव्हा स्वर कुठं मात्रा म्हणून जोडायचा आणि कुठं सुटा ठेवायचा हे त्याला ओळखावं लागतं, कारण भारती ब्रेलमध्ये दोन्हीला ठिपके तेच. म्हणून "घेऊन" चं हे बघा काय झालंय, घे, आणि त्याच्यापुढं लोंबकळणारा एकटा उकार. "जाऊन", "पाहुणे येऊन", "देऊ", सगळीकडं तेच. अक्कानं बरोबरच लिहिलं होतं. सरांच्या हातात पडलं ते अशुद्ध मराठी, आणि लाल शाईच्या खुणा तिच्या नावावर.

परीक्षेच्या हॉलमध्ये कॅमेरा नेता येत नाही, म्हणून ते इथं नाही. तिथं लेखनिक असतो, ती बोलते, तो लिहितो.

(दृश्य: सिद्धेश्वर तलावाकाठी अक्का आणि भाऊ. संध्याकाळ.)

कायदा तिच्या बाजूनं आहे, अगदी स्पष्ट आहे. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर अंध व्यक्तीसाठी पुस्तक वाचता येईल अशा रूपात आणायला परवानगी मागत बसावं लागत नाही. अंधांना वाचता येतील अशी पुस्तकं करण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय माराकेश करार 2014 मध्ये सगळ्यात आधी मंजूर केला तो भारतानं. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे. 8 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांनाही वापरता यावं यासाठीचे नियम नुसत्या सूचना म्हणून ठेवू नका, बंधनकारक करा. हे सगळं आहे, आणि तरी सकाळी ग्रुपवर आलेली फाईल झेरॉक्सच्या फोटोंचीच आहे. अक्काच्या भावाची यंदा दहावी, त्यालाही अभ्यास आहे, रोज दोन तास हे कोण करणार असं आईनं विचारलं, ते उत्तराविना तसंच ठेवलंय.

म्हणून आता जे नोट्स टाकतात, पत्रकं काढतात, टायपिंग करून देतात त्यांना उद्देशून. तुमच्या फाईलमधली एक ओळ कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये टाका. मराठी दिसलं, वेलांट्या जागच्या जागी असल्या तर ती फाईल अक्कापर्यंत पोचेल. इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसला तर जुना फॉन्ट आहे, युनिकोडमध्ये टाईप करा. ओळ कॉपीच झाली नाही तर ते चित्र आहे. तक्ता असेल तर त्याखाली तीच माहिती सरळ वाक्यात लिहा, सोमवारी सकाळी साडेदहाला राज्यशास्त्र, मंगळवारी अकराला इतिहास, असं. मथळ्याला नुसतं ठळक करू नका, वर्डमधली मथळ्याची स्टाईल लावा. आणि पीडीएफ पाठवायचीच असेल तर सोबत मूळ वर्डची फाईल जोडा, ती तुमच्या कॉम्प्युटरवर असतेच, आणि अक्काचं यंत्र ती उघडत नसलं तरी लॅपटॉपवर तिची टेक्स्ट फाईल सरळ करता येते.