चार डबे, एक कमांड

हे चारही डबे, म्हणजे जुने पीसी, भंगारात निघाले होते. विंडोजची नवी आवृत्ती यांच्यावर चालत नाही, विषय संपला. इथे लिनक्स टाकलंय, आणि चौघांना जोडून एकच काम वाटून करायला लावायचंय. मॉनिटर एकालाच, बाकी तिघांना फक्त पॉवर आणि लॅनची वायर. मधला तो सगळ्यांना जोडणारा आठ पोर्टचा स्विच, त्याच्या दिव्यांकडे लक्ष असू द्या.

आता टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, बघा. कमांड एमपीआयची, म्हणजे प्रोग्रामच्या कॉपींनी एकमेकींना निरोप पाठवायच्या पद्धतीची. एमपीआयरन, डॅश एनपी 16, डॅश डॅश होस्टफाईल, त्या फाईलचं नाव आणि शेवटी प्रोग्रामचं. म्हणजे या प्रोग्रामच्या सोळा कॉपी चालू कर, कुठे किती ते फाईलीत लिहिलंय. ही ती फाईल, चारच ओळी, प्रत्येकीत मशीनचं नाव आणि पुढे स्लॉट्स इक्वल टू 4, कारण प्रत्येकात चार कोअर, म्हणजे एका वेळी चार कामं.

एंटर मारलं की एमपीआयरन एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करून, बाकी तिघांवर शिरतं, तिथे स्वतःचा एक छोटा डीमन, म्हणजे मागे गुपचूप चालणारा प्रोग्राम, चालू करतं आणि तो डीमन त्या मशीनवरच्या चार प्रोसेस, म्हणजे चार चालत्या कॉपी, उठवतो. मधेच पासवर्ड मागितला तर सगळं तिथेच अडकेल म्हणून पासवर्डऐवजी चालणाऱ्या एसएसएचच्या कीज आधीच कॉपी करून ठेवल्यात, आणि प्रोग्राम सगळीकडे एकाच पाथवर सापडायला हवा म्हणून फोल्डर एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना एकच दिसेल असा, शेअर केलाय. खरी मेहनत काय ती एवढीच.

प्रत्येक प्रोसेसला नंबर मिळतो, रँक, 0 ते 15. प्रोग्राम सगळ्यांकडे तोच, पण आपला रँक बघून जो तो आपल्या वाट्याचा तुकडा उचलतो. इथे वर्तुळाच्या पायची (π) किंमत काढतोय, सोळा जणांच्या बेरजा शेवटी रँक 0 कडे गोळा होतात.

आणि हे बघा, आधी 11 बोलला, मग 3, मग 14, शून्याचा पत्ताच नाही! घाबरू नका, आउटपुट क्रमाने येईल अशी हमी कुणीच दिलेली नाही.

ही आयडिया जुनीच. 1994 मध्ये नासाच्या गोडार्ड सेंटरमध्ये थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे 486 प्रोसेसरवाले 16 पीसी साध्या इथरनेटने जोडून बेओवुल्फ नावाचा असाच संच उभा केला, आणि त्याच वर्षी एमपीआयचं पहिलं स्टँडर्ड आलं. पुण्यात सी-डॅकने परम 8000 त्याच्याही आधी, 1991 लाच केला होता, पण तो ट्रान्सप्युटर या समांतर कामासाठीच्या खास चिपवर, असले डबे जोडून नाही.

चार खिडक्यांत चार एचटॉप, म्हणजे कुठला कोअर किती राबतोय ते दाखवणारे, सगळ्या पट्ट्या फुल, स्विच लुकलुकतोय. काम छोटं असलं तर निरोप पाठवण्यातच वेळ जातो, फायदा शून्य, तेही खरंच.

आता तिसऱ्या मशीनवरची एक प्रोसेस मुद्दाम किल केली. सोळाच्या सोळा बंद, एमपीआयरन असंच करतं. ते मशीनच नको असेल तर होस्टफाईलमधली त्याची ओळ काढायची, 16 चे 12 करायचे आणि परत एंटर.